डोळे फिरवण्याचा अधिकार

नऊ वर्षांच्या अमेरिकेत ऋताला न मागता ब्रेल मिळालं ते एकदाच, आणि त्यावर लिहिलं होतं: ‘पडद्यावरील चित्र पाहायचे नसल्यास डोळे फिरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.’

तिनं त्या वाक्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर कागद ठेवून म्हणाली, “सौमित्र, बघ यार, हे काय लिहिलंय.”

“मला ब्रेल येत नाही.”

“लग्नाला पाच वर्षं झाली.”

“तुला तरी अजून एलबीडब्ल्यू कुठे कळतं?”

तिनं वाचून दाखवलं. सौमित्र नागपूरचा, वाईट बातमीतसुद्धा आधी जेवणाची सोय काय आहे ते बघणारा. “अधिकार आहे म्हणतायत,” तो म्हणाला. “घेऊन ठेव.”

ऋता जन्मापासून आंधळी नव्हती. दीड वर्षाची होती तेव्हा सांगलीत आजारपणात दोन्ही डोळे काढावे लागले. म्हणजे दीड वर्ष तिनं जग पाहिलं होतं आणि त्यातलं काहीही तिला आठवत नव्हतं. आता ती एका कंपनीत, आंधळ्यांना वापरता येत नाहीत अशा वेबसाइट कुठे आणि का वापरता येत नाहीत, हे दिवसाचे आठ तास शोधून काढायची. या कामाला मरण नव्हतं. ऑफिसच्या वेळेनंतर तेच काम ती फुकट करत असे. बसथांब्यावर ब्रेलमध्ये पाटी हवी म्हणून तिनं राज्याच्या सुगमता कार्यालयाला, म्हणजे अपंगांच्या सोयी बघणाऱ्या खात्याला, चार पत्रं लिहिली. पोच आली, छापील. अपार्टमेंटच्या लाँड्रीत कपडे धुवायची नवी मशिनं आली, ती सगळी सपाट काचेची. गरम कुठे, थंड कुठे, सुरू कुठे, काही कळायला मार्ग नाही. तिनं अकरा ईमेल केल्या. ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे,’ असं अकरा वेळा उत्तर आलं. शेवटी तिनं घरचे ब्रेलचे ठिपके चिकटवले, तर मॅनेजमेंटनं ‘अनधिकृत सजावट’ म्हणून ते खरवडून काढले. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचे मोरेश्वर काका, तेव्हाचे अध्यक्ष, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये छापायचं सहा वर्षं कबूल करत आले होते. “पुढच्या वर्षी नक्की गं,” म्हणायचे, आणि स्टेजवरून ‘आमच्या अंध भगिनी’ म्हणत तिच्यासाठी टाळ्या मागायचे.

आणि आता हा कागद. जाड, सुबक, एकही ठिपका बसलेला नाही, खाली राज्याचा उठावदार शिक्का.

राज्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्यांना उगाच वाटेल, आपण सुटलो.

या राज्यात कायदा असा: गर्भपात हवा असेल तर आधी सोनोग्राफी. पडदा बाईच्या डोळ्यांसमोर. त्यावर काय दिसतं याचं डॉक्टरनं तोंडी वर्णन करायचं, लांबी किती, हात आहेत का, पाय आहेत का. मग बाईनं सही करायची आणि बहात्तर तास घरी बसून विचार करायचा. त्याआधी तिनं जो विचार केला असेल तो धरायचा नाही. बारा आठवडे झाले की विषय बंद.

ऋतानं विचार केला होता. काय केला ते सौमित्रला सांगितलं होतं, कारण त्याचा संबंध होता. बाकी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बाकी कुणाचा नव्हता. त्यामुळे इथेही सांगता येत नाही.

क्लिनिकमध्ये पहिली वेळ मिळायलाच अडीच आठवडे गेले होते. आज बुधवार. बारा आठवडे शनिवारी भरत होते, आणि शनिवारची शेवटची वेळ संध्याकाळी पाचची होती. त्यातून बहात्तर तास वजा केले की आज पाच. शेजारच्या राज्यात नऊ तास गाडी हाकत जाता आलं असतं, पण तिथली यादी तीन आठवड्यांची होती. थोडक्यात, आज संध्याकाळी पाचच्या आत ऋतानं पडद्यावरचं चित्र पाहणं भाग होतं. त्या वेळी अडीच वाजले होते.

सोनोग्राफी दहा मिनिटांत झाली. डॉक्टरबाई आवाजावरून साठीच्या वाटत होत्या आणि आवाजावरूनच दमलेल्या. त्यांनी पडदा करकरत ऋताकडे वळवला.

“आता तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे.”

“बरं.”

“तुम्हाला दिसत नाही, माहीत आहे मला.”

“मलाही.”

मग डार्लीन आली. ती क्लिनिकचं कागदपत्रांचं काम बघायची, आणि सगळ्यांना हनी म्हणायची. “हनी, फॉर्मवर दोन चौकटी आहेत. ‘मी चित्र पाहिलं’ आणि ‘मी डोळे फिरवले’. एकीवर खूण हवी.”

“मी दोन्ही केलं नाही.”

“हो ना.”

“मग तिसरी चौकट?”

“तिसरी नाही.”

“कुठलीही करून टाका की,” सौमित्र म्हणाला.

डार्लीननं खुर्ची ओढली. गेल्या वर्षी एका बाईनं ‘पाहिलं’वर खूण केली होती आणि नंतर तपासनीसाला सहज सांगितलं होतं, माझा चष्मा गाडीत होता. क्लिनिकला सात आठवडे कुलूप. त्या सात आठवड्यांत किती जणींचे बारा आठवडे उलटून गेले, हे डार्लीनला पाठ होतं. तेव्हापासून प्रत्येक चौकटीसाठी वकिलाला फोन.

वकिलानं पंचवीस मिनिटं घेतली. डार्लीन निरोप घेऊन आली तो असा: ‘पाहिलं’ लिहिलं तर खोटं, गुन्हा. ‘डोळे फिरवले’ लिहिलं तरी खोटं, कारण फिरवायला आधी ते तिकडे लागावे लागतात. मात्र राज्याच्या सुगमता कार्यालयाकडे सोय आहे. सोनोग्राफीचं चित्र उठावदार छापून देतात, बोटांनी बघता येईल असं. समान संधी म्हणून. कामाचे अकरा दिवस लागतात.

ऋता ताठ उठून बसली.

समान संधी! बसथांब्याला पाटी नाही, मशिनला ठिपका नाही, पत्राला उत्तर नाही. नऊ वर्षं ती या लोकांच्या दारावर टकटक करत होती, की मला वाचायचंय, मला कळू द्या. तेव्हा यंत्रणा नव्हती, माणसं नव्हती, विचार चालू होता. आणि जी एक गोष्ट तिला बघायचीच नव्हती, ती बोटाखाली आणून द्यायला मात्र यंत्रणा तयार, कागद तयार, खास ठसा तयार! हा कायदा करताना राजधानीत एवढी मंडळी हात वर करून बसली होती, त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाई आंधळी असू शकते. आणि नंतर कुणाच्या तरी डोक्यात आलं, तर काय आलं? ‘अरेरे, बिचारीचं बघायचं हुकेल.’

“डार्लीन,” ती म्हणाली, “वकिलाला स्पीकरवर घ्या.”

वकील स्पीकरवर आला. घसा साफ केला.

“कायद्यात ‘दृष्टी’ लिहिलंय की ‘डोळे’?”

कागद चाळल्याचा आवाज. “डोळे.”

“कुणाचे?”

“तिचे. म्हणजे, तुमचे.”

“ते कुठे असले पाहिजेत असं काही?”

“मॅडम, मला प्रश्न नीट—”

“थांबा दोन मिनिटं.”

ऋतानं अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि उजवा डोळा तळहातावर घेतला. मग डावा. हे तिनं आजवर आईसमोर केलं होतं आणि सौमित्रसमोर. आता राज्यसरकार तिसरं. तिनं दोन्ही डोळे सौमित्रच्या हातात दिले.

“हे भिंतीकडे कर.”

सौमित्रनं स्टीलच्या ट्रेमध्ये रुमाल घातला, त्यावर दोन्ही डोळे ठेवले आणि ट्रे भिंतीकडे वळवला. दोन तपकिरी डोळे हात कसे धुवावेत याच्या तक्त्याकडे बघत राहिले.

“फिरवले,” सौमित्र म्हणाला.

“मी साक्षीदार आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मीसुद्धा, हनी,” डार्लीन म्हणाली आणि नाक पुसलं.

स्पीकरवर पुन्हा कागद चाळल्याचा आवाज. मग वकील म्हणाला, “कायद्याच्या भाषेत हे बसतं.” मग, “मला हे लिहून काढावं लागेल,” आणि फोन ठेवला.

साडेतीन झाले होते. राहिलं होतं वर्णन.

ऋताला खरी भीती होती ती याची. दिसणारी बाई मान वळवते, भिंतीकडे बघते, छताच्या टाइल मोजते. बाकीचं शब्दांचं असतं, शब्द अर्धवट ऐकता येतात. ऋतासाठी अर्धवट असं काही नव्हतं. तिचं सगळं जगच कोणी ना कोणी तिला सांगितलेलं होतं. सौमित्रचा चेहरा, आईच्या साड्या, समुद्र. आवाजानं सांगितलं की तिच्या आत ते उभं राहायचं, आणि एकदा उभं राहिलं की जायचं नाही. ज्यांनी डोळ्यांना सवलत दिली त्यांनी कानांचा विचार केला नव्हता. कानांना पापण्या नसतात.

डॉक्टरबाईंनी श्वास घेतला, आणि डार्लीन म्हणाली, “थांबा. इथं भाषा मराठी लिहिली आहे.”

“काय?”

“फॉर्मवर. वर्णन रुग्णानं नोंदवलेल्या भाषेतच झालं पाहिजे. अधिकृत दुभाषा लागेल.”

ऋतानं मान सौमित्रच्या दिशेला वळवली. डोळे अजून ट्रेमध्ये होते, पण त्याला ती नजर जाणवली.

“ते... मंडळाची मोहीम होती ना,” तो म्हणाला. “जनगणनेच्या वेळी. काका म्हणाले होते, जिथे फॉर्म तिथे मराठी. आकडा वाढला पाहिजे. मला सवयच लागली.”

“दातांच्या डॉक्टरकडे?”

“तिथेही मराठी.”

“जिममध्ये?”

“जिममध्ये तर दोघांचीही.”

“सौमित्र, पाच वाजले ना, तर तुला मी मराठीत मारीन.”

आता खोडता येत नव्हतं. खोडलेला फॉर्म बाद, आणि नव्या फॉर्मसाठी नवी वेळ घ्यायची. डार्लीननं दुभाष्यांच्या सेवेला फोन लावला. राज्याच्या यादीत मराठीचा एकच माणूस होता. तो नसेल तर थेट शुक्रवारी. फोनवर वाट बघण्याचं संगीत सुरू झालं आणि बावीस मिनिटं वाजलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन दुसऱ्या फोनवरून दुभाष्याशी बोलते. तुम्हाला इथे फक्त त्याचा आवाज येईल. मी वर्णन करायचं आणि तुम्ही तुमच्या भाषेत ऐकायचं, एवढंच लिहिलंय. एका खोलीत असं कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला ते दोनदा ऐकायला लावायची माझी इच्छा नाही.” त्या गेल्या. दार बंद झालं.

संगीत थांबलं. “नमस्कार. दुभाषा बोलतोय. रुग्णाला माझा आवाज नीट ऐकू येतोय का?”

ऋतानं डोळे परत बसवले होते. ते तिनं घट्ट मिटले. हा आवाज तिनं सहा गणेशोत्सवांत माइकवरून ऐकला होता. निवृत्तीनंतर मोरेश्वर काका ‘फोनवर काहीतरी सेवा’ करतात हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं होतं, ज्येष्ठ नागरिकांना विम्याचे सल्ले देत असतील.

बोलणं भाग होतं. “हो. येतंय ऐकू.”

मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन पाच वर्षं तिनंच केलं होतं. ‘हो, येतंय ऐकू’ हे शब्द तिनं काकांना माइक तपासताना शंभरदा सांगितले असतील.

“ऋ—” काका म्हणाले आणि खोकले.

सौमित्रनं तिचा हात धरला. दोघांनाही एकच दिसत होतं: रविवारची मंडळाची पंगत, श्रीखंडाच्या पातेल्याभोवती कुजबुज, आणि सोमवारच्या आत सांगलीला पोचलेली बातमी. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. दुभाष्याची ओळख निघाली तर त्यानं फोन ठेवावा असा नियम होता. नियमाच्या बाबतीत काका कसे होते? आरतीला दोन मिनिटं उशीर झाला तर ते दार बंद करायचे.

घड्याळात चार वाजून सतरा मिनिटं. सौमित्रनं ती कुजबुजत सांगितली.

“दुभाषा तयार आहे,” काका म्हणाले.

कॉरिडॉरमधून डॉक्टरबाईंच्या आवाजाची नुसती गुणगुण आली. शब्द नाहीत. ती थांबली. ऋतानं चादर मुठीत धरली.

“मंडळाच्या गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त,” काका संथ, गंभीर आवाजात म्हणाले. “सभा ठरलेल्या वेळेपेक्षा पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. उशिराचं कारण, बटाटेवडे.”

ऋतानं मुठीतली चादर सोडली.

“ठराव क्रमांक एक. आरतीच्या वेळी माइक एकाच व्यक्तीच्या हातात असावा. मंजूर. ठराव क्रमांक दोन. ती व्यक्ती कोण. यावर चर्चा होऊन दोन सभासद निघून गेले, पैकी एक परत आले, त्यांची गाडीची किल्ली राहिली होती.”

सौमित्र हसतोय की रडतोय, तिला कळेना. डार्लीन दोघांच्या समोर बसून, हात जोडावेत तसे गुडघ्यावर ठेवून, आदरानं ऐकत होती.

कॉरिडॉरमध्ये पुन्हा गुणगुण. काका थांबले, ऐकलं. ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. एकेक शब्द, इंग्रजीत.

“ठराव क्रमांक तीन. दिवाळीच्या फराळातल्या चकल्यांचा कडकपणा. तीन लेखी तक्रारी. एका सभासदानं पुरावा म्हणून दात सादर केला. ठराव क्रमांक चार. चपला हॉलच्या बाहेर, पण ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. मंजूर.”

ऋता त्या सभेला होती. ठराव चारच होते. चौथ्यानंतर सगळे वड्यांकडे गेले होते.

“ठराव क्रमांक पाच,” काका म्हणाले. “कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये छापण्याबाबत. हा विषय सलग सहा वर्षं पुढच्या वर्षावर ढकलण्यात आला. तत्कालीन अध्यक्ष विसरले नव्हते. त्यांना कंटाळा आला होता. टाळ्या मागणं सोपं होतं. अध्यक्ष दिलगीर आहेत.” मग पुन्हा सभेच्या सुरात, “इतिवृत्त सर्वानुमते मंजूर. जपून घरी जा गं.”

मग लगेच खणखणीत इंग्रजीत, दुभाष्याचं काम पूर्ण झालं, आणि फोन बंद.

डार्लीन पुढे झुकली. “हनी, हे मला विचारावंच लागतं. तुम्हाला सगळं नीट समजलं?”

“शब्द न् शब्द,” ऋता म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे कृत्रिम असले तरी त्याला कुणाची हरकत नसते.

डॉक्टरबाई आत आल्या. “मी चारच वाक्यं बोलले होते,” त्या बुचकळ्यात पडून म्हणाल्या. “मराठीत एवढा वेळ लागतो?”

“आमच्यात प्रस्तावना असते,” सौमित्र म्हणाला.

चार वाजून बावन्न मिनिटांनी ऋतानं सही केली. शनिवारी पाचला जे व्हायचं ते झालं, वीस मिनिटांत. रात्री तिनं मुगाची खिचडी खाल्ली आणि अकरा तास झोपली. रविवारी मंडळाच्या पंगतीहून सौमित्र एकटाच डबा घेऊन आला. कुणी काही विचारलं नव्हतं. काका वाढायला होते; त्यानं नको म्हटलं तरी त्यांनी श्रीखंड दोनदा वाढलं, आणि एवढंच.

म्हणजे सगळं नीट पार पडलं. सौमित्र तसं म्हणालासुद्धा, “पार पडलं ना शेवटी,” आणि ऋता एवढी भडकली की आदल्या रात्रीच्या खिचडीचं भांडं घासता घासता तिनं त्याचं हँडल तोडलं.

“काय पार पडलं? पुढच्या आंधळ्या बाईचे डोळे खरे असतील, बाहेर न निघणारे. तिची भाषा इंग्रजी असेल. तिला काका कुठून मिळणार? तिला बसवतील आणि सांगतील. सगळं सांगतील, सावकाश, सरळ कानात. आणि हातात हा कागद देतील!”

कागद फ्रिजवर लावलेला होता. तिनं तो ओढून काढला. बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत उभी राहिली. ऑफिसात एखाद्या वेबसाइटची चूक सापडली की ती अशीच गप्प व्हायची. मग म्हणाली, “कात्री दे.”

ठिपके सुरेख होते, झिजणारे नव्हते. तिनं ओळींमधून हवी ती अक्षरं कापली. ‘एच’ गरमचा, ‘सी’ थंडचा, ‘एस’ सुरू करायचा. तळाचा शिक्का चार बाजूंनी नीट कापून वेगळा ठेवला. मग कपड्यांची बादली घेऊन दोघं लाँड्रीत गेले. काचेवर गरम, थंड, सुरू कुठे आहे ते सौमित्रनं बोट धरून दाखवलं, तिनं त्या त्या जागी अक्षरं चिकटवली, आणि सगळ्यांच्या खाली राज्याचा शिक्का. आधीचे ठिपके खरवडले गेल्यापासून पहिल्यांदा तिनं एकटीनं मशिन लावलं. आतून पाण्याचा आवाज आला तेव्हा ती तिथेच, धुतलेल्या आणि न धुतलेल्या कपड्यांच्या मध्ये, बाकावर बसून राहिली.

सोमवारी मॅनेजमेंटची ईमेल आली: लाँड्रीतल्या मशिनवर अनधिकृत सजावट आढळली असून ती काढण्यात येईल.

ऋतानं ताबडतोब उत्तर टाइप केलं. “ही सजावट नाही. हे राज्यसरकारनं अंध नागरिकांसाठी छापलेलं अधिकृत साहित्य आहे. खाली शिक्का पाहावा. त्याला हात लावण्यापूर्वी आपल्या वकिलाशी बोलावं. आणि तोवर ते बघवत नसेल, तर डोळे फिरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.”